झाडीतलं डिस्क गोल्फ: नशीब किती, हात किती?

प्रश्न: दादा, आम्ही मिरजेजवळ मामांच्या आंब्याच्या बागेत रविवारी डिस्क गोल्फ खेळतो. फ्रिस्बीपेक्षा लहान आणि जड डिस्क असते, ठरलेल्या जागेवरून फेकायची, पडेल तिथून परत फेकायची आणि कमीत कमी फेकीत बास्केटमध्ये टाकायची. साखळीवाली बास्केट परवडत नाही म्हणून प्लास्टिकचे ड्रम ठेवलेत. माळावर मी सगळ्यांना धुतो, माझ्याइतकी लांब कुणाचीच जात नाही, पण बागेत दरवेळी मामाच जिंकतात, गुडघा दुखतो म्हणून नीट चालत पण नाहीत ते. माझी डिस्क गॅपमधून जाता जाता बुंध्याला खाडकन लागते आणि थेट शेजारच्या उसात, त्यांची लागली तरी तिथंच खाली पडते. शेवटच्या होलला (म्हणजे शेवटच्या ड्रमच्या वाटेवर) तर निलगिरीची एवढी दाटी आहे की काय करावं तेच कळत नाही. हे सगळं नुसतं लक आहे ना? मामांशी पैज लागलीय.
– एक वाचक, मिरज

उत्तर: पैज किती रुपयांची ते लिहिलं नाहीस भावा, कमी असेल तर बरं, कारण बरीचशी तू हरणारेस.

एका फेकीपुरतं तुझं खरंय. डिस्क बुंध्यावर मधोमध आदळली तर जीव सोडून खाली पडते, चार बोटं बाजूला आदळली तर भलतीकडं उडते, आणि तीस-चाळीस मीटरवरून चार बोटांचा नेम कुणाचाच नसतो. त्यामुळं लागल्यावर कुठं जाणार ते नशीब. पण राउंडमध्ये कितीदा लागणार आणि लागल्यावर किती लांब उडणार, हे तुझ्याच हातात आहे की.

हिशोब करून बघ. गॅप ३ मीटर रुंद आणि तुझ्यापासून २० मीटरवर असेल तर सरळ रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४ अंशांची सूट मिळते, तीच गॅप ४० मीटरवर असली की २ अंशच उरतात. ४ अंशांत डिस्क काढणं सरावानं जमतं, फक्त पूर्ण ताकद लावून फेकताना हात किंचित लवकर किंवा उशिरा सुटला की तेवढी सूट कधीच संपलेली असते. मामा बहुतेक पटर (जवळच्या फेकीची डिस्क) नाहीतर मिडरेंज (मधल्या अंतराची) घेऊन निवांत फेकत असणार, ती डिस्क हळू जाते, बऱ्यापैकी सरळ जाते आणि झाडाला लागली तरी तिच्यात उडायला जोरच नसतो. तू ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, घेऊन जीव खाऊन फेकतोस म्हणून ऊस. आणि तोच ड्रायव्हर बागेत घाबरत हळू फेकलास तरी फायदा नाही, त्याला वेग लागतो, वेग कमी पडला की उजव्या हाताच्या बॅकहँडला (हात छातीसमोरून आडवा नेऊन फेकताना) तो लवकरच डावीकडं वळून पडतो. त्यात आंब्याच्या फांद्या खाली असतात, उंच फेकून झाडावरून न्यायची सोय नाही, खालून सपाटच काढावी लागते.

मला विचारशील तर तुझं खरं दुखणं वेगळंच आहे. माळावर ताकदीला भाव आहे, बागेत नाही, आणि आपली जमेची बाजू जिथं चालत नाही तिथं समोरचा जिंकला की ते लक वाटतं. कॅरममध्ये जोरात स्ट्रायकर हाणणाऱ्यालाही हळू कट मारणारा असाच नशीबवान वाटतो. २०२३ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप अमेरिकेत व्हरमाँटला झाली, २०२४ ची व्हर्जिनियात लिंचबर्गला, दोन्हीकडं झाडी भरपूर, आणि दोन्ही वर्षी पुरुषांत आयझॅक रॉबिन्सनच जिंकला. नुसती लॉटरी असती तर लागोपाठ एकालाच लागली असती का? उलट याच स्पर्धेत २०२१ ला अमेरिकेतल्या ऑग्डेनला जेम्स कॉनरॅडनं शेवटच्या होलला २४७ फुटांवरून डिस्क थेट बास्केटमध्ये घातली, बरोबरी केली आणि प्लेऑफमध्ये (बरोबरी फोडायच्या जादा खेळात) पॉल मॅकबेथला हरवलं. ती आत गेली त्याला नशीब म्हण हवं तर, पण अख्खी स्पर्धा खेळून तो तिथवर फक्त एकाच फेकीनं मागं होता, ते कुठल्या नशिबानं?

आता निलगिरीचा होल. इथं तू बरोबर असू शकतोस. तिथं प्रत्येकानं दहा-दहा डिस्क फेका आणि कुणाच्या किती पार जातात ते मोजा. मामांच्या सात-आठ आणि तुझ्या तीन गेल्या तर गप बसून सराव कर. पण मामांसकट सगळ्यांच्या दोन-तीनच जात असतील तर तिथं गॅपच नाही, नुसते खांब आहेत, असला होल चांगल्या-वाईट खेळाडूंत फरकच करत नाही. झाडं तोडायच्या नादाला लागू नका, फेकायची जागा चार पावलं इकडं-तिकडं सरकवून बघा, कुठून तरी वाट दिसतेच. आणि सहा होलच्या एका राउंडवर पैजेचा निकाल लावू नका, तेवढ्यात दोन वाईट टप्पे कुणालाही बुडवतात. महिनाभराची बेरीज करा.

प्रश्न: डिस्क वर फांदीतच अडकली तर काय करायचं? आमच्यात यावरून भांडणं होतात.
– एक वाचक, कराड

उत्तर: जिथं अडकली त्याच्या बरोब्बर खाली जमिनीवर खूण करायची आणि तिथून खेळायचं. २ मीटरपेक्षा उंच अडकली तर एक फेक दंड, असाही नियम आहे, पण तो आधी जाहीर केला असेल तरच लागतो. मी तरी लावू नका म्हणेन, कारण अडकणं आणि पडणं यात खेळणाऱ्याचं काही नसतं. काढायला दगड मारू नका, लांब काठी ठेवा, दगड फांदीला लागून खालच्याच्या डोक्यात येतो.