विनोदी कलाकार म्हातारपणी चेहऱ्याची सर्जरी का करून घेतात?

तुमचा प्रश्न असा की अमेरिकेच्या जोन रिव्हर्ससारखे कॉमेडियन उतारवयात चेहरा एवढा का बदलून घेतात, आणि मग ते ओळखू का येत नाहीत. मी डॉक्टर नाही. कुडाळकडचा आहे, वीसेक वर्षं इकडच्या नाटकांना मेकअप करतो, वाडीतल्या सत्यनारायणाच्या पूजेचं नाटक असो नाहीतर स्पर्धेचं, त्यामुळे तेच तेच चेहरे वर्षानुवर्षं हाताखालून गेलेत आणि ते कसकसे उतरत गेले ते मला माहितीय.

आधी रिव्हर्सबाईंचं. त्या ४ सप्टेंबर २०१४ ला गेल्या, ८१ वर्षांच्या होत्या, आणि लोक बिनधास्त सांगतात की प्लास्टिक सर्जरीनं गेल्या. तसं नाहीये. घशाची तपासणी आणि एंडोस्कोपी, म्हणजे नळीनं आतून बघणं, चालू असताना ऑक्सिजन कमी पडला आणि त्यातून त्या उठल्याच नाहीत. चेहऱ्यावर कामं करून घेतलीत हे त्या स्वतः स्टेजवरून सांगायच्या, लपवाछपवी नाही. त्यांच्या आधीच्या अमेरिकन कॉमेडियन फिलिस डिलर, त्यांनी तर १९७० च्या दशकातच फेसलिफ्टबद्दल, म्हणजे चेहऱ्याची कातडी ताणून घेण्याच्या सर्जरीबद्दल, उघड बोलायला सुरुवात केली, आणि ९५ वर्षं जगल्या. त्या काळात असलं काही सहसा कोणी कबूल करत नव्हतं, म्हणून मला दोघींबद्दल आदरच वाटतो.

आता का करतात ते. आमच्याकडे राजाचं काम देखण्याला मिळतं, आणि ज्याचे दात पुढे नाहीतर नाक मोठं त्याला नोकर नाहीतर गावचा येडा. तो माणूस पुढे चाळीस वर्षं स्वतःच्या तोंडावर लोकांना हसवतो. साठीत त्याला कोणी म्हणालं की जरा बरं करून देतो, तर त्याला वाटणारच ना. याला नुसती हौस म्हणू नका प्लीज.

आणि चेहरा फक्त सुरकुतत नाही. गालातली चरबी कमी होते, खाली सरकते, आतलं हाड झिजतं, दात गेले की जबडाच बसतो आणि नाक-हनुवटी जवळ येतात. अशात नुसती कातडी ताणली की पोकळी तशीच राहते, मग ती भरायला फिलर, म्हणजे सुईनं आत भरायचं जेल, टाकतात, ते जास्त झालं की गाल सुजल्यासारखे, आणि माणूस तिथे हरवतो.

माझ्या सख्ख्या मामांचं सांगतो. पस्तीसेक वर्षं मालवणी नाटकात विनोदी कामं केली. एक अक्षर न बोलता नुसती डावी भुवई वर करायचे आणि अख्खा मांडव हसायचा. ६२ व्या वर्षी सिरीयलमध्ये छोटं काम मिळालं, क्लोजअपमध्ये कपाळावरच्या आठ्या दिसतात असं कोणीतरी म्हणालं, तर मुंबईच्या एका क्लिनिकमधून कपाळाला बोटॉक्सचं इंजेक्शन घेऊन आले. बोटॉक्सनं नसेकडून स्नायूला जाणारा निरोपच अडतो, स्नायू ढिला पडतो म्हणून आठी पडत नाही. पण भुवई वर उचलणारा स्नायू तोच की!

त्या वर्षी पूजेच्या नाटकाला मी पॅनकेक, म्हणजे मेकअपचा खालचा रंग, लावून झाल्यावर नेहमीसारखं म्हटलं, मामा, भुवया वर करा बघू. म्हाताऱ्याचा मेकअप करताना रेघा मनानं ओढायच्या नसतात, घडी पडते तिथेच पेन्सिल चालवायची. घडीच पडेना. मामा आरशात बघत राहिले आणि म्हणाले, "माझी भुवयच माझा ऐकणा नाय रे." त्या रात्री भुवईच्या जागेवर ते नेहमीसारखे थांबले आणि समोर कोणी हसलं नाही. पुढे नाटक पार पडलं, लोक हसलेही, पण मामा घरी येईपर्यंत बोलले नाहीत. खोबरेल तेलानं रंग उतरवताना पण गप्प. आत्ताही आठवलं की वाईट वाटतं.

वर आणखी एक. त्यांच्या वरच्या पापण्या वयानं लोंबायला लागल्या होत्या आणि ते नकळत कपाळाच्या जोरावर त्या उचलून धरून बघायचे. तो जोर गेला तशा पापण्या आणखी खाली आल्या, दिवसभर झोप आल्यासारखे दिसायचे. क्लिनिकवाल्यांनी हे आधी तपासायला हवं होतं, याचा मला खरंच राग आहे.

बोटॉक्सचा असर साधारण तीन-चार महिन्यांत जातो, तसा गेला. मग प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. (त्यातली वरची पदवी) केलेले दुसरे डॉक्टर गाठले आणि पापण्यांची जादा कातडी काढून घेतली, तेवढ्याच जागेला भूल देऊन, आठवड्यात टाके निघाले. हे मात्र मस्त झालं. डोळे मोकळे झाले, वरचं आणि बाजूचं नीट दिसायला लागलं, आणि चेहरा मामांचाच राहिला. म्हणजे मी सर्जरीच्या विरोधात अजिबात नाही. तुमच्या ओळखीचा कोणी कलाकार जाणार असेल तर त्याला म्हणावं डॉक्टरसमोर बसून तुझं काम करून दाखव, हस, रड, भुवई उडव, कुठल्या स्नायूवर पोट चालतं ते त्यांना दिसू दे, सुई नंतर.

मामा आता ६८ चे आहेत. गेल्या पूजेला पेन्सिल घेऊन बसलो, कपाळावरच्या आठ्या मोजल्या, पाच होत्या, पाचही काढल्या.