वाचकांचे प्रश्न : दिवस राहण्याआधीचे तीन महिने

प्रश्न : मी २७ वर्षांची. दिवाळीनंतर चान्स घ्यायचं ठरवलंय. सासूबाई म्हणतात, दिवस राहिले की डॉक्टरांकडे जाऊ, आधीपासून गोळ्या कशाला? फॉलिक ॲसिड आताच सुरू करावं का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आजच सुरू करा. पाळी चुकली आणि आठ दिवस वाट पाहून घरी चाचणी केली, तर तोवर गर्भधारणेला तीन आठवडे होऊन गेलेले असतात. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो ती साधारण २८ व्या दिवसापर्यंत मिटते. ती नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतं आणि ते तेव्हा आईच्या रक्तात आधीच हवं. दवाखान्यात नाव नोंदवून गोळी हातात पडेपर्यंत ही वेळ बहुधा निघून गेलेली असते. सासूबाईंना एवढंच सांगा, त्यांना पटेल.

रोजचा डोस ४०० मायक्रोग्रॅम, निदान एक महिना आणि शक्यतो तीन महिने आधीपासून. मेडिकलमध्ये नुसतं 'फॉलिक ॲसिड' मागितलं तर बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमची स्ट्रिप हातात येते. ती साडेबारा पट आहे. आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष होता, स्वतःला मधुमेह आहे किंवा फिट्सच्या गोळ्या चालू आहेत, अशांना डॉक्टर मोठा डोस देतात. बाकीच्यांना तो लागत नाही. स्ट्रिपवरचा आकडा वाचूनच घ्या. मेथी-पालक जरूर खा, पण शिजवताना बरंच फोलेट, म्हणजे भाजीतलं फॉलिक ॲसिड, जातं. भाजीवर भिस्त ठेवू नका.

तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ हे जीवनसत्त्वही तपासून घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. गरोदरपणी ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती, म्हणजे पुढच्या मधुमेहाची पायवाट, सर्वांत ठळक दिसली. म्हणून फॉलिक ॲसिड थांबवायचं नाही, बी-१२ भरून काढायचं. रिपोर्टमध्ये ते २०० च्या खाली असेल तर नुसत्या दूध-दह्यावर भागणार नाही, डॉक्टरांकडून गोळी किंवा इंजेक्शन घ्या.

प्रश्न : हिमोग्लोबिन ९.६ आहे. दोन महिने लोहाची गोळी सकाळी चहाबरोबर घेतेय, आकडा हलत नाही. गोळीने मळमळतंही. — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : चहातली टॅनिन्स लोहाला धरून ठेवतात, ते आतड्यातून रक्तात जातच नाही. दुधाबरोबर घेतलीत तरी तेच होईल. चहा-कॉफी आणि गोळी यांत किमान एक तास, कॅल्शियमची गोळी असेल तर दोन तास अंतर ठेवा. रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर घेणं उत्तम. त्याने मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. शोषण थोडं कमी होईल, पण गोळी बंद पडण्यापेक्षा ते परवडलं. एक दिवसाआड चालेल का, हेही डॉक्टरांना विचारा, कारण रोज घेतल्यावर शरीर स्वतःच लोह आत घ्यायचं कमी करतं. शौचाला काळं होतं, ते गोळीमुळे, घाबरू नका.

नीट घेतल्यावर महिन्याभरात हिमोग्लोबिन सुमारे एकने वाढायला हवं. तरीही हललं नाही तर गोळ्यांची कंपनी बदलत बसू नका, कारण शोधा. पाळीत अंगावरून फार जातं का, पोटात जंत आहेत का, आणि तिसरं म्हणजे थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची वाहक आहात का. रिपोर्टमध्ये 'एमसीव्ही' हा तांबड्या पेशींच्या आकाराचा आकडा बघा. तो ८० च्या खाली असून फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, मात्र ठीक असेल, तर एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी तपासणी करायला हवी. लोह खूपच कमी असताना ती फसवा निकाल देऊ शकते, म्हणून क्रम डॉक्टरांना ठरवू द्या.

सिकलसेल नंदुरबार, गडचिरोली आणि एकूणच विदर्भात बराच आढळतो; सिंधी, कच्छी, लोहाणा, पंजाबी कुटुंबांत थॅलेसेमिया. वाहक व्यक्ती स्वतः ठणठणीत असते. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर दरवेळी आजारी बाळाची शक्यता चारात एक असते. पहिलं बाळ सुदृढ झालं म्हणून दुसऱ्या वेळी ती कमी होत नाही. हे आधी कळलं तर विचार करायला वेळ मिळतो. चौथ्या महिन्यात कळलं तर घरावर आभाळ कोसळतं. तुम्ही वाहक निघालात तर यजमानांची तपासणी त्याच आठवड्यात करा.

चान्स घेण्याआधी हिमोग्लोबिन १२ वर आणा.

प्रश्न : वय ३३. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेते, थायरॉइडची ५० ची गोळीही चालू आहे. इंजेक्शन बंद केलं की लगेच दिवस राहतील का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लगेच नाही. तांबी काढली की पुढच्याच महिन्यात शक्यता असते, अंतराचं तसं नाही. शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण ७ ते १० महिने लागतात. वंध्यत्व आलं म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण वय ३३ आहे, तेव्हा पुढचा डोस घ्यायचा की निरोध वापरायचा हे आताच ठरवा.

मधल्या काळात टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, २.५ च्या खाली आणा. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याने घ्या, चहा अर्ध्या ते एक तासाने, लोह आणि कॅल्शियम चार तासांनी. दिवस राहिले की डोस सहसा पाव हिस्सा तरी वाढवावा लागतो. किती वाढवायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, म्हणजे भेटीची वेळ मिळेपर्यंत दोन आठवडे वाया जाणार नाहीत.

प्रश्न : फिट्ससाठी व्हॅलप्रोएट घेते. बाळासाठी बंद करू का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : स्वतःहून एकही गोळी बंद करू नका, फिट येणं जिवावर बेतू शकतं. मात्र व्हॅलप्रोएटने बाळाच्या मणक्याला आणि बुद्धीच्या वाढीला धोका असतो, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांना आताच भेटा. दुसरी गोळी लागू पडते का हे बघायला काही महिने जातात. तोवर गर्भनिरोधक वापरा.

प्रश्न : माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. नवरा गुटखा खातो, जिममध्ये ताकदीची इंजेक्शनं घेतो. त्याला काही करायला हवं का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : हो, तुमच्याइतकंच. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर यायला जवळपास तीन महिने लागतात. आज गुटखा सोडला तर फरक तेव्हा दिसेल. इंजेक्शनं जास्त घातक आहेत. त्यांत टेस्टोस्टेरॉन असेल तर मेंदू वृषणांना काम थांबवायचा निरोप देतो आणि शुक्रजंतू शून्यावरही येऊ शकतात. ती आजच बंद करायला हवीत. पूर्ववत व्हायला सहा महिने किंवा जास्तही लागतात. घरात कुणी मशेरी लावत असेल आणि ती सवय तुम्हालाही असेल, तर तीही सोडा. तोंडातून जाणारं निकोटीन बाळाचं वजन घटवतं.

त्याची वीर्यतपासणी करून घ्या. आधी २ ते ७ दिवस संबंध नकोत. नमुना लॅबच्याच डबीत घ्या, साध्या निरोधात नको; त्यावरच्या वंगणाने शुक्रजंतू मरतात. घरी घेतला तर डबी अंगाजवळच्या खिशात ठेवून तासाभराच्या आत पोहोचवा, फ्रीजमध्ये ठेवू नका. गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप आला असेल तर लॅबला सांगा. एक रिपोर्ट खराब आला तर निष्कर्ष काढू नका, काही आठवड्यांनी पुन्हा करा.