स्पोर्ट्स कारमध्ये कंपनीच्या सबवूफरच्याच जागी आफ्टरमार्केट सबवूफर कसा बसवावा?

तुम्ही विचारलंय की दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये सीटमागे कंपनीने दिलेला सबवूफर (फक्त बेस वाजवणारा स्पीकर) काढून त्याच प्लॅस्टिकच्या बॉक्समध्ये १० इंची आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरून घेतलेला सबवूफर बसेल का, आणि तो कंपनीच्याच अ‍ॅम्प्लिफायरवर चालेल का. डिकीत बॉक्स ठेवायचा नाही ही तुमची अट मला पूर्ण पटते.

बॉक्समध्ये मावत असेल तर बसेल. पण अशा जागेत बहुतेक वेळा १० इंचीपेक्षा ८ इंची वूफर जास्त चांगला वाजतो, आणि बेससाठी कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरवर विसंबता येत नाही. वॅट बघून वूफर घेतला की इथे काम फसतं. आधी बॉक्समध्ये हवा किती लिटर आहे ते मोजा, मग त्या हवेला जुळणारा वूफर शोधा.

बॉक्स काढण्यासाठी सीट बाहेर काढावी लागते. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि किमान १० मिनिटं थांबा. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतील. ते एअरबॅगचे आणि बेल्ट प्रीटेन्शनरचे (धडकेच्या वेळी सीटबेल्ट आवळणारी यंत्रणा) असतात. ते सुटलेले असताना कुणी इग्निशन ऑन केलं तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत तो स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. सीट परत लावताना बोल्ट अंदाजाने न आवळता मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा.

आता मोजणी. बॉक्समधून जुना वूफर काढा, आत पातळ प्लॅस्टिकची पिशवी पसरा आणि लिटरच्या मापाने थर्माकोलच्या बारीक गोळ्या भरत जा. टेपने लांबी, रुंदी, उंची मोजून गुणाकार केला तर उत्तर हमखास चुकतं, कारण हे बॉक्स बॉडीच्या वळणांप्रमाणे घडवलेले असतात आणि आत फासळ्याही असतात. आलेल्या आकड्यातून नव्या वूफरचं स्वतःचं आकारमान वजा करा. कमी खोलीच्या ८ इंची वूफरसाठी ते साधारण अर्धा ते १ लिटर धरा. नेमका आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो.

त्याच पत्रकात आणखी तीन आकडे असतात: एफएस (वूफरची स्वतःची अनुनाद वारंवारता), क्यूटीएस (त्याचं कंपन किती दाबलं जातं ते सांगणारा आकडा) आणि व्हीएएस (वूफरच्या लवचीकपणाइतकी लवचीक असणारी हवा, लिटरमध्ये). व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. त्या संख्येने क्यूटीएसला गुणलं की सीलबंद बॉक्समधला क्यूटीसी (बॉक्ससह वूफरचा तोच आकडा) मिळतो आणि एफएसला गुणलं की बॉक्समधली अनुनाद वारंवारता. समजा वूफरचा एफएस ३८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस १२ लिटर आहे. १० लिटरच्या बॉक्समध्ये क्यूटीसी ०.७४ आणि वारंवारता ५६ हर्ट्झ येते, म्हणजे उत्तम. ६ लिटरमध्ये ०.८७ आणि ६६ हर्ट्झ, हेही चालेल. तोच वूफर ४ लिटरमध्ये घातला तर क्यूटीसी १ आणि वारंवारता ७६ हर्ट्झ होते. तिथे बेस एकसुरी होतो, एकाच पट्टीत धपधप करतो आणि खालचा भाग गायब होतो. मी ०.७ ते ०.९ ही मर्यादा पाळतो. १० इंची वूफरचा व्हीएएस बहुधा मोठा असतो, म्हणून लहान बॉक्समध्ये तो गुदमरतो. जास्त पॉवर दिली तरी हे दुखणं बरं होत नाही.

५६ हर्ट्झ ऐकून निराश होऊ नका. लहान केबिनमध्ये साधारण ७०-८० हर्ट्झच्या खाली केबिन स्वतःच बेसला उचल देते. सीलबंद बॉक्सचा आवाज अनुनादाच्या खाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो आणि केबिनची उचल जवळपास त्याच्या उलट दिशेने चढते. बंद काचांच्या दोन सीटच्या गाडीत छोटा सीलबंद ८ इंची वूफर इतका खाली जातो तो यामुळेच. छत उघडणारी गाडी असेल तर छत उघडल्यावर ही उचल जवळजवळ संपते, तेव्हा त्यासाठी वेगळं सेटिंग साठवून ठेवा.

बॉक्सला कंपनीने पोर्ट (हवा बाहेर जाण्याची नळी) दिलेला असेल तर तो बंद करा. त्याची लांबी जुन्या वूफरसाठी बेतलेली असते, नव्याला ती लागू पडत नाही. लाकडी बूच आणि न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वापरा. आंबट वासाचं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि त्याने टर्मिनल गंजतात. आत पॉलिएस्टरचा कापूस लिटरमागे १० ते १५ ग्रॅम सैल पसरा. बॉक्स थोडा मोठा असल्यासारखा वागतो, फार तर १०-१५ टक्के. ठासून भरलात तर उलटा परिणाम होतो.

वूफर ज्या प्लायवूडच्या रिंगवर बसवायचा (ती पुढे सांगतो), खोली मोजताना तिची जाडी हिशेबात घ्या. वूफरच्या मागच्या मॅग्नेटला हवेचं भोक असेल तर त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये किमान १५-२० मिलिमीटर मोकळे हवेत, नाहीतर फुसफुस ऐकू येते आणि कॉइल (वूफरमधलं तारेचं वेटोळं) तापते. पुढच्या बाजूकडे मात्र फार जण बघतच नाहीत. कंपनीच्या वूफरचा कोन (पुढचा हलणारा शंकूसारखा पडदा) काही मिलिमीटरच हलतो, त्यामुळे जाळी अगदी जवळ असते. आफ्टरमार्केट वूफर एका दिशेला १० मिलिमीटर किंवा जास्त सरकतो आणि त्याची रबरी कडही फुगीर असते. कोन आणि जाळीमध्ये २५ मिलिमीटर ठेवा, आणि सीट पूर्ण मागे घेऊन पाठ जाळीला टेकत नाही ना ते पाहा.

बॉक्सची भिंत हा खरा कच्चा दुवा आहे. जुना वूफर हलका असतो आणि त्याचे स्क्रू थेट प्लॅस्टिकच्या खुंट्यांत बसवलेले असतात. ४-५ किलोचा नवा वूफर तिथेच लावला तर काही महिन्यांत खुंट्या फाटतात. म्हणून १२ किंवा १८ मिलिमीटर जाडीच्या चांगल्या प्लायवूडची रिंग कापा, मागून टी-नट (लाकडात रुतणारे नट) बसवा आणि वूफर एम५ बोल्टने आवळा. रिंग आणि प्लॅस्टिकमध्ये पॉलियुरेथेन सीलंट, रिंग आणि वूफरमध्ये बंद पेशींच्या फोमची पट्टी. भिंती अंगठ्याने दाबून दबत असतील तर त्या आतून जाड करा. पण आधी बॉक्सवर उमटवलेली प्लॅस्टिकची खूण वाचा. एबीएस असेल तर ६० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून इपॉक्सीवर ग्लास फायबरचे दोन-तीन थर द्या. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर त्यावर काहीच धड चिकटत नाही. अशा वेळी बॉक्सच्या आकाराचा नवा ग्लास फायबरचा बॉक्स बनवून घेणं हाच मार्ग.

गळती तपासायला दोन्ही तळव्यांनी कोन हलकेच, सरळ आत दाबा. तो सावकाश वर आला तर सील बरोबर आहे, झटकन उसळला तर कुठूनतरी हवा जातेय. बहुतेकदा ती वायरच्या भोकातून जाते.

बॉक्स वेल्क्रो किंवा दोन बाजूंच्या टेपवर ठेवू नका. तो तुमच्या पाठीमागेच आहे आणि अपघातात तितकं वजन पुढे येतं. कंपनीच्या मूळ ब्रॅकेटवरच बोल्ट करा. नवं भोक पाडायचं असेल तर पत्र्यामागे काय आहे ते गाडीखाली जाऊन बघितल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. कित्येक स्पोर्ट्स कारमध्ये सीटमागच्या पत्र्यापलीकडे पेट्रोलची टाकी असते, मिड-इंजिन गाडीत इंजिन असतं.

अ‍ॅम्प्लिफायरकडे येऊ. कंपनीच्या ब्रँडेड सिस्टीममध्ये वूफरचा रोध पुष्कळदा २ ओहम किंवा त्याहून कमी असतो. तिथे ४ ओहमचा वूफर जोडला तर पॉवर निम्मी किंवा आणखी कमी होते. शिवाय त्या अ‍ॅम्पमधलं इक्वलायझेशन जुन्या वूफरच्या उणिवा झाकण्यासाठी केलेलं असतं, ते नव्याला विनाकारण लावलं जातं. म्हणून वेगळा क्लास डी मोनो अ‍ॅम्प घ्या. १५० ते ३०० वॅट आरएमएस (सतत देता येणारी पॉवर) भरपूर झाले, आणि डब्यावर छापलेला पीक वॅटचा आकडा विसरा. ड्युअल कॉइल वूफर घेत असाल तर जोडणी आधी ठरवा: दोन २ ओहमच्या कॉइल सिरीजमध्ये ४ ओहम, पॅरलल १ ओहम, दोन ४ ओहमच्या कॉइल सिरीजमध्ये ८ ओहम, पॅरलल २ ओहम. अ‍ॅम्प १ ओहमला स्थिर नसेल आणि तुम्ही पॅरलल जोडलंत तर तो प्रोटेक्शनमध्ये जाईल किंवा जळेल.

३०० वॅटला ८० टक्के कार्यक्षमता धरून १३.८ व्होल्टवर सुमारे २७ अँपिअर लागतात. ५ मीटरपर्यंत ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर पुरते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर असेल तर एक पायरी जाड घ्या. ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो अ‍ॅम्पचं नव्हे, वायरचं रक्षण करतो, म्हणून अ‍ॅम्पजवळ लावलेल्या फ्यूजवर समाधान मानू नका. अर्थिंगची वायर तितकीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरपेक्षा लहान ठेवा. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळा, सीटबेल्टच्या बोल्टला मात्र हात लावू नका. बॉडी ॲल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची असेल तर कंपनीचा तयार अर्थ पॉइंटच वापरा. ॲल्युमिनियमवर दुसऱ्या धातूचा लग (वायरच्या टोकाची कडी) लावला तर सांधा गंजतो आणि कार्बन फायबरमधून भरवशाचं अर्थिंग मिळत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असेल तर अर्थ थेट त्या टर्मिनलला न जोडता बॉडीला जोडा, नाहीतर गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो.

सिग्नल कुठून घ्यायचा हा सगळ्यात नाजूक भाग आहे. सोपा मार्ग म्हणजे जुन्या सबवूफरच्या वायरी नव्या अ‍ॅम्पच्या हाय-लेव्हल इनपुटला (स्पीकरच्या वायरचा सिग्नल घेणारं इनपुट) देणं. पण बऱ्याच कंपन्या आवाज वाढवला की बेस मुद्दाम कमी करत जातात, कारण त्यांना जुना नाजूक वूफर वाचवायचा असतो. हे नवं सामान घेण्याआधीच तपासा. जुना वूफर जोडलेला असतानाच ४० हर्ट्झचा टोन लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या टर्मिनलवर रीडिंग घ्या, मग ८० हर्ट्झचं घ्या. आवाज कमी असताना एकदा, मध्यम असताना एकदा आणि पाऊण पातळीला एकदा. टोन अगदी थोडा वेळच वाजवा, वूफर गरम होतो. दोन रीडिंगचं गुणोत्तर तिन्ही वेळा सारखं राहिलं तर हा सिग्नल वापरता येईल. आवाजाबरोबर ४० हर्ट्झ मागे पडत असेल तर बेस परत आणणारा डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारं यंत्र) लागेल, किंवा अ‍ॅम्पच्या आधीचा सिग्नल घ्यावा लागेल. हेड युनिट ते अ‍ॅम्प फायबर ऑप्टिकने जोडलेले असतील तर त्या गाडीसाठीच बनवलेला इंटरफेस घ्या. वायर कापून तिथे काही मिळत नाही. वूफर काढल्यावर कंपनीचा अ‍ॅम्प ते चॅनल बंद करत असेल तर त्यावर लोड रेझिस्टर (वूफरऐवजी जोडायचा रोधक) बसवा.

गेन (इनपुटची संवेदनशीलता) लावताना वूफर सोडून ठेवा, हेड युनिट पाऊण पातळीवर आणि ५० हर्ट्झचा टोन. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे हवे ते व्होल्ट: २०० वॅट आणि ४ ओहमला २८.३ व्होल्ट. तिथवर गेन वाढवा आणि थांबा. लो-पास (त्यावरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, उतार दर सप्तकाला २४ डेसिबल. मग ८० हर्ट्झचा टोन दारातल्या स्पीकरसह वाजवून वूफरची पोलॅरिटी (अधिक-उणे जोडणी) एकदा उलटी करा आणि ज्या स्थितीत आवाज भरीव येतो ती ठेवा. वूफर दारापेक्षा कानाजवळ असतो, त्यामुळे डीएसपी असेल तर त्याला दर ३४ सेंटिमीटर फरकामागे १ मिलिसेकंद उशीर द्या. बेस मागून न येता डॅशबोर्डकडून आल्यासारखा वाटू लागतो. या जागेची सगळ्यात मोठी तक्रार एवढ्याने मिटते.

खडखड शोधायला ३० ते १०० हर्ट्झचा स्वीप (हळूहळू चढत जाणारा टोन) लावून प्लॅस्टिकवर हात फिरवत जा. दोषी बहुतेकदा वूफरभोवतीचं ट्रिम, बेल्टचं बक्कल किंवा मोकळा वायर हार्नेस असतो. कापडी टेप आणि फेल्ट पुरतं, पूर्ण गाडीला डॅम्पिंग शीट लावायची गरज नाही.

गाडीत अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन असेल तर वूफर बदलल्यावर कमी आरपीएमवर घुमल्यासारखा आवाज येऊ शकतो. छतातले मायक्रोफोन अजून जुन्या वूफरच्या हिशेबाने उलटी लहर मागत असतात. ती यंत्रणा कोडिंगने (गाडीच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधून) बंद करा. कृत्रिम इंजिनचा आवाज स्पीकरमधून देणाऱ्या गाडीत तोही नव्या वूफरमधून जोरात येईल, त्याचंही तेच करा. सगळं जोडून झाल्यावर गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीचा ड्रेन मोजा. तो ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर अ‍ॅम्प झोपत नाहीये. अशा वेळी सिग्नल सेन्सिंग (आवाजाचा सिग्नल आला की आपोआप चालू होण्याची सोय) बंद करा आणि इग्निशनबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवरून वेगळी रिमोट वायर (चालू-बंद करणारी वायर) ओढा.