स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर नळी तीन इंची बरी की चार इंची?

तुम्हाला बत्तीस बोरचा (गोळीची जाडी साधारण ०.३२ इंच) परवाना मिळालाय आणि एका इंचानं गोळीचा जोर किती वाढतो ते विचारताय. हाच वाद माझा आणि आमच्या दाजींचा सहा वर्षं चाललाय, म्हणून लिहायला बसलो.

लातूरच्या मोंढ्यात माझी अडत आहे. हंगामात रात्री रोकड घेऊन घरी जावं लागतं, म्हणून परवाना काढला आणि कानपूरच्या ऑर्डनन्स कारखान्याचं तीन इंची घेतलं. दाजींकडे त्यांच्या वडिलांचं जुनं विलायती, चार इंची. माझं बघून भर पंगतीत म्हणाले, "काय आणलास रे हे? बिडी पेटवायला का?" तेव्हापासून घरातलं एक लग्न त्या बिडीशिवाय गेलं नाही.

त्यांचं म्हणणं, नळी लांब तेवढा मार जास्त. जास्त असतो, पण किती? इंचामागं सेकंदाला दहाएक मीटर, काडतुसाप्रमाणं थोडं इकडं-तिकडं. बत्तीस बोर मुळातच कमी जोराचं काडतूस, गोळी सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे मीटरनं जाणार. त्यात दहाची भर म्हणजे क्विंटलमागं पाच किलो. दहा पावलांवर हे हिशेबात धरूच नका.

फरक पडतो तो नेमात. माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) आणि मागची खाच यांत १२ सेंमी अंतर असेल, तर माशी एक मिलिमीटर हलली की दहा मीटरवर गोळी ८ सेंमी सरकते. अंतर १५ सेंमी असेल तर ६.७ सेंमी. शिवाय आखूड नळीचा जाळ आणि आवाज जास्त, रात्री डोळे दिपतात. (दुकानदार पिस्तुलाची लांबी सांगून भुलवेल. पिस्तुलाच्या मापात काडतूस बसतं तो भागही धरतात, रिव्हॉल्व्हरची नळी काडतुसांच्या फिरत्या सिलिंडरच्या पुढून मोजतात.)

एकदा दोघं पुण्याच्या नेमबाजीच्या रेंजवर गेलो. सहा-सहा गोळ्या, दहा मीटर. दाजींच्या पाच लागल्या, माझ्या दोन. ही गोष्ट त्यांनी लातूर ते उदगीर सगळ्यांना सांगितली. पुढचं सांगत नाहीत. मग आम्ही हत्यारं बदलली. त्यांच्या चार इंचीतून माझ्या परत दोनच लागल्या, आणि माझ्या तीन इंचीतून त्यांच्या चार. म्हणजे नळीची एक गोळी, बाकी हाताच्या. रेंजवर शिकवणाऱ्या उस्तादांनी लगेच दाखवलं: ट्रिगर ओढताना माझं मनगट खाली जात होतं. पुढं सहा महिने रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर भिंतीसमोर सराव केला, बायको हसायची.

आणि हत्याराची गरज पडली ती कधी? २०२४च्या विधानसभेला. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, दोघांनाही हत्यार ठाण्यात जमा करायची नोटीस आली. सोयाबीनची आवक तेव्हाच जोरात, गल्ल्यात रोकड. दिवाळीनंतर एका रात्री कुणीतरी शटरला पहार लावली. आत पोत्यांवर झोपलेल्या हमालानं पत्र्याचा डबा बडवला, बोंब ठोकली, ते पळाले. दाजींचं विलायती आणि माझं कानपुरी त्या वेळी ठाण्याच्या कपाटात शेजारीशेजारी, घोड्याला चिठ्ठ्या बांधून.

तुमचं उत्तर द्यायचं राहिलंच. दुकानात किंवा घरातच ठेवणार असाल तर चार इंची घ्या. कमरेला लावून दिवसभर गाडीवर फिरणार असाल तर तीन. चार इंची बसल्यावर बरगडीत टोचतं, मग माणूस ते डिकीत टाकतो. दाजींचं वर्षातले दहा महिने कपाटातच असतं. आणि लग्नात हवेत उडवायला घेत असाल तर घेऊच नका, शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

मी वकील नाही, परवान्याच्या अटी तुमच्या कलेक्टर कचेरीत विचारा. दाजी हे वाचतील तर एवढंच: चार लागल्या होत्या, माझ्या बिडीतून.