मोबाइल बघून मुलगा ‘तसा’ झाला का?

गेल्या पावसाळ्यात, सोयाबीनची खुरपणी उरकल्यावर, अहमदपूरकडचे एक शेतकरी पत्नीला घेऊन लातूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. हा अनुभव मी त्या कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. खुर्चीवर टेकण्याआधीच वडिलांनी पत्नीच्या हातातला मोबाइल घेऊन माझ्या टेबलावर ठेवला. काचेच्या एका कोपऱ्याला तडा गेला होता आणि त्यावर चिकटपट्टी लावलेली होती. पडद्यावर कुठल्याशा वेबसिरीजमधले एक दृश्य थांबवून ठेवलेले होते : जिन्याच्या पायरीवर दोन तरुण शेजारी बसले आहेत आणि एकाचा हात दुसऱ्याच्या हातात आहे. पडदा विझला तर ते पुन्हा सापडणार नाही, या धास्तीने आईने एसटीच्या सबंध प्रवासात दर थोड्या वेळाने त्यावर बोट टेकवून तो जागा ठेवला होता.

“मॅडम, पोराचा हाय हा. ह्याच्यातच सगळं हाय. हेच बघू बघू बिघडलं लेकरू,” वडील म्हणाले.

मुलगा सव्वीस वर्षांचा होता, पुण्यात नोकरीला होता. उदगीरकडची सोयरीक जमत आली होती, कुंकवाच्या कार्यक्रमाची तारीख निघायची होती, आणि तेवढ्यात त्याने आईला सांगितले की मला मुलींविषयी तसे काही वाटत नाही, मुलांविषयी वाटते, म्हणून हे लग्न करू नका. आईने ते वडिलांना सांगितले. वडिलांनी मोबाइल काढून घेतला. त्यानंतर एका ठिकाणी ‘इलाज होतो’ असे ऐकून त्याला तिकडे नेले, तिथे झोपेच्या गोळ्या आणि बरेच उपदेश मिळाले, अठरा हजार रुपये गेले आणि मुलाने जेवण टाकले. तेव्हा कुठे हे माझ्यापर्यंत पोहोचले.

पडद्यावर हे सारे दिसू लागले म्हणून मुले अशी होतात का, हा प्रश्न आता मला सतत विचारला जातो आणि तो विचारणाऱ्यांच्या पोटात खरी भीती असते, म्हणून तो उडवून लावण्याचा नाही. मी आधी मुलाशी एकट्याशी बोलले. त्याने सांगितले की आपण इतर मुलांसारखे नाही, हे त्याला आठवीत कळले होते. त्या काळी त्याच्याजवळ मोबाइल नव्हता आणि आपल्याला जे वाटते त्याला काय म्हणतात हेही त्याला ठाऊक नव्हते. तो शब्द त्याला पुढे पुण्यात, मालिका आणि सिनेमा बघताना मिळाला. वडिलांनी ज्याला रोगाचे कारण मानले होते, ते प्रत्यक्षात मुलाच्या आयुष्यात दहाएक वर्षे उशिरा आले होते.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आणि या साऱ्या प्रकरणात मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर सगळे मिळून टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम बघत. त्यांत साडी नेसून लचकणारा पुरुष येई, दुसरा त्याच्या अंगचटीला जाई आणि घर हसे. “अण्णा लई हसायचे. मीबी हसायचो, कारण नाही हसलो तर दिसेल असं वाटायचं,” तो म्हणाला. समलिंगी माणूस लोकरंजनातून आपल्या घरांत कालपरवा शिरला, असे आपण म्हणतो, ते खरे नाही. तो कित्येक वर्षे आपल्या घरांत आहे, मात्र हसण्याचा विषय म्हणून. मुलाने चोरून काय बघितले, याची चिंता वडील करत होते. सर्वांच्या मांडीला मांडी लावून त्याने जे बघितले आणि त्यावर वडील जसे हसले, त्याने त्याचे तोंड इतकी वर्षे बंद ठेवले होते.

हे मी वडिलांना लगेच सांगितले नाही. तसे सांगणे म्हणजे त्यांच्यावर आरोप ठेवणे झाले असते आणि आरोप झेलणारा माणूस ऐकत नाही. दुसऱ्या भेटीत त्यांनीच विचारले, “म्हणजे आमच्याकडं तुळजापूरला आराधी असतेत, साडी नेसतेत काहीजण, तसलंच का?” मी सांगितले की नाही. देवीच्या नावाने कवड्यांची माळ घालून परडी धरणे ही उपासना आहे; स्वतःला आतून स्त्री म्हणून ओळखणे, म्हणजे तृतीयपंथी असणे, ही वेगळी गोष्ट आहे; आणि तुमचा मुलगा पुरुषच आहे, फक्त त्याचा जीव पुरुषावर जडतो. साडी नेसलेला तो विनोदी पुरुष बघून आपण या तिन्ही गोष्टींची एकच गाठोडी बांधून ठेवली आहे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्यो बी बसायचा की आमच्यासंगं बघायला.” तिथे मला पुढे काही बोलावे लागले नाही.

‘इलाजा’चा प्रश्न मात्र मी स्पष्ट शब्दांत निकालात काढला, कारण तिथे मवाळपणा केला तर मुलाच्या जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असे जाहीर केले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असा कल बदलून देण्याचे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. ज्यांनी अठरा हजार घेतले त्यांनी नसलेल्या आजारावर औषध विकले, हे ऐकून वडिलांना पैशांपेक्षा पोराला तिथे नेल्याचे अधिक लागले, असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले.

मग पडदा काहीच करत नाही का? करतो, पण त्याचा परिणाम मुलाच्या कलावर होत नाही, तो त्याच्या आजूबाजूच्या माणसांवर होतो. अमेरिकेत १९९६ मध्ये समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता असावी असे म्हणणारे लोक गॅलप संस्थेच्या पाहणीत २७ टक्के होते. २०२३ मध्ये ते ७१ टक्के झाले. तिथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून घरोघरी बघितल्या जाणाऱ्या विनोदी मालिकांत समलिंगी पात्रे नायक म्हणून, शेजारी म्हणून, मित्र म्हणून येऊ लागली होती. २०१२ मध्ये उपाध्यक्ष असलेल्या जो बायडन यांनी लोकांचे मत घडवण्याचे श्रेय अशाच एका मालिकेला जाहीरपणे दिले होते. एकट्या मालिकांनी हे केले असे मी म्हणणार नाही. आपला भाचा, आपली सहकारी, आपला डॉक्टर समलिंगी आहे हे उघडपणे कळणे, चळवळ आणि न्यायालयीन लढे हेही त्यात आहेतच. पण ज्याच्या ओळखीत असे कोणी नाही, त्याला पडद्यावरचे माणूस रोज भेटून भेटून ओळखीचे होते आणि ओळखीच्या माणसाची भीती उरत नाही. आपल्या देशातही २०२३ च्या प्यू संस्थेच्या पाहणीत निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी अशा विवाहाच्या बाजूने मत दिले, हे ऐकून वडिलांना खरे वाटेना.

“हे शहरातल्या पैसेवाल्यांचं असतंय,” ते म्हणाले. त्यांना मी ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाविषयी सांगितले, ज्याला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा, गावातला त्याचा बालमित्र, आणि मुलाचे सारे जाणून असलेली त्याची आई, एवढीच ती गोष्ट. इतका वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या आईने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडले : “माय जाणती? मंग लोकाला काय सांगती ती?”

हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे. तिच्या मुलाचे काय होणार, यापेक्षा चार बायकांत आपण काय सांगायचे, हे तिच्यापुढचे ओझे होते आणि त्याला हलके समजणे बरोबर नाही. पालकांना सिनेमा बघायला लावणे म्हणजे गोळी देणे नव्हे, हे मी नव्या समुपदेशकांनाही सांगते. कित्येकदा सिनेमा बघून राग वाढतो. गोष्ट ऐकून प्रश्न सुचला तर पुढे जाता येते, एवढाच त्याचा उपयोग.

त्यानंतर सोयरिकीचे. “लग्न लावलं की येतंय वळणावर,” असे नातेवाइकांनी आईला पटवले होते. इथे मी नेहमी त्या खोलीत नसलेल्या मुलीच्या बाजूने बोलते. उदगीरच्या त्या मुलीला नवरा मिळेल पण संसार मिळणार नाही, आणि दोष मात्र गाव तिच्याच पदरात टाकेल. तुमची स्वतःची लेक असती तर चालले असते का, असे मी आईला विचारले. त्यांनी मान हलवली. तीन आठवड्यांनी वडील स्वतः उदगीरला गेले आणि तुमच्या लेकीत काही कमी नाही, आमच्या पोराला लग्न करायचे नाही, एवढे सांगून आले. कारण सांगितले नाही, आणि ते सांगणे त्या वेळी आवश्यकही नव्हते.

परत आल्यावर त्यांनी विचारले, “मग ह्याचं लग्न कायद्यात बसतंय का?” प्रश्न विचारताना त्यांनी मुलाकडे बघितले, हे मी टिपले. मला खरे तेच सांगावे लागले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध वगळले, त्यामुळे तुमचा मुलगा गुन्हेगार नाही. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला, तो विषय संसदेचा आहे असे म्हटले, आणि फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. जोडीदारासोबत संयुक्त बँक खाते उघडता येते, त्याला नॉमिनी करता येते, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि मृत्युपत्र तर कोणाच्याही नावे करता येते. नेपाळमध्ये अशा विवाहाची नोंद झाली आहे, थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून कायदा आहे. आपल्याकडे नाही, आणि तो व्हावा असे मला मनापासून वाटते. हे माझे मत आहे, असेही मी त्यांना सांगितले, कारण समुपदेशकाने आपले मत कायद्याच्या आड लपवू नये.

वडिलांनी मोबाइल मुलाला परत दिला आहे. तो पुण्याला गेला, आता दर रविवारी फोन करतो आणि वडील त्याच्याशी पाऊस, भाव आणि बैलाचा पाय यांविषयी बोलतात. आई फोनवर अजून “जेवलास का” याच्या पुढे जात नाहीत. पुढच्या सोमवारी त्या एकट्याच येणार आहेत. “ह्यांच्यासमोर मला बोलता येत नाही,” असे त्यांनी शेजारणीच्या फोनवरून मला कळवले आहे.