पहिल्या विहिरीत तेल लागले, म्हणजे किती लागले?

प्रश्न : समुद्रातल्या पहिल्याच विहिरीत तेल लागल्याची बातमी आली की लगेच साठ्याचे मोठे आकडे सांगितले जातात. त्यांवर कितपत विश्वास ठेवावा?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्याकडे काळ्या पाषाणात बोअर मारताना पाण्याचा पहिला फवारा उडाला की घरातली माणसे हरखतात, पण जाणता शेतकरी मोटर सलग चालवून पाणी किती उतरते आणि बंद केल्यावर किती वेळात पुन्हा चढते, हे पाहिल्याखेरीज डाळिंबाची लागवड ठरवत नाही. तेलविहिरीची चाचणी याच तत्त्वावर चालते.

खडकाच्या चुऱ्यात तेलाचा अंश दिसणे ही केवळ खूण असते. त्यानंतर विहिरीत उपकरणे उतरवून तेलधारी थराची जाडी, खडकाची सच्छिद्रता आणि छिद्रांतील तेल-पाण्याचे प्रमाण मोजतात. मग विहीर काही काळ वाहू देऊन बंद करतात आणि दाब कसा सावरतो ते नोंदवतात. दाब मूळ पातळीला पोहोचलाच नाही, तर साठा लहान असल्याची शंका घ्यावी. माझ्या मते बातमीत सर्वांत आधी शोधावी ती हीच नोंद. रोजच्या बॅरलचा आकडा नव्हे, कारण तो वाहत्या तेलाला आवर घालणाऱ्या चोकच्या आकारानुसार बदलतो.

थराचा विस्तार एका विहिरीवरून कळत नाही; त्यासाठी आजूबाजूला आणखी विहिरी खोदाव्या लागतात. अरबी समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रात १९७४ साली ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या फलाटाने तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, इतका झपाटा विरळाच. शिवाय अनेक क्षेत्रांत एकूण तेलापैकी एक तृतीयांशाच्या आसपासच वर येते. म्हणून छापलेला आकडा भूगर्भातल्या तेलाचा आहे की काढता येण्याजोग्या तेलाचा, हेही तपासावे.