करप्रश्न : कोणता आकडा वाढला, कोणता जागचा हलला नाही

महागाईनुसार वाढवलेले २०२६ चे कराचे आकडे आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. तेव्हापासून अमेरिकेतल्या वाचकांचे प्रश्न येत आहेत. त्यातल्या काहींची उत्तरे या अंकात देत आहोत. सगळे आकडे फेडरल कराचे आहेत, राज्यांचे नियम वेगळे असतात.

प्रश्न : मी सिंगल आहे. स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम) एका ठिकाणी १५,००० डॉलर लिहिलेले सापडते, दुसरीकडे १५,७५० आणि तिसरीकडे १६,१००. २०२५ च्या कमाईच्या रिटर्नमध्ये कोणते घालू?

१५,७५०. त्यातला १५,००० हा आकडा २०२४ च्या शेवटी, पुढच्या वर्षासाठी जाहीर झाला होता. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने तो १५,७५० केला आणि तोही जानेवारीपासूनच्या पूर्ण वर्षासाठी. जोडप्याला एकत्र रिटर्नवर ३१,५०० आणि हेड ऑफ हाउसहोल्डला (अविवाहित, पण घरच्या कुणाला सांभाळणाऱ्याला) २३,६२५ मिळतात. १६,१०० हा २०२६ च्या कमाईचा आकडा आहे, तो २०२७ मध्ये भरायच्या रिटर्नवर येईल. रिटर्न भरण्याचे साल आणि कमाईचे साल यांची गल्लत दर वर्षी होते. फॉर्मच्या डोक्यावर जे साल छापलेले असते, आकडेही त्याच सालाचे घ्यायचे. जुलैच्या आधी उतरवून ठेवलेले तक्ते मात्र २०२५ चे असले तरी फेकून द्या.

प्रश्न : पगार अडीच टक्क्यांनी वाढला. वाढ करातच जाणार का? वरच्या ब्रॅकेटमध्ये (कराच्या टप्प्यात) गेलो तर सगळ्या पगारावर जास्त दर लागतो म्हणतात.

दुसरी गोष्ट चूक आहे. वरचा दर फक्त रेषेच्या वरच्या डॉलरांना लागतो, खालच्यांना नाही.

पहिल्या प्रश्नासाठी आकडेमोडच करू. समजा सिंगल व्यक्तीचा पगार २०२५ मध्ये ९०,००० होता. १५,७५० वजा जाता करपात्र उत्पन्न ७४,२५०. पहिल्या ११,९२५ वर १० टक्के, तिथून ४८,४७५ पर्यंत १२ टक्के, उरलेल्या २५,७७५ वर २२ टक्के. एकूण कर ११,२४९. २०२६ मध्ये पगार ९२,२५० झाला. १६,१०० वजा जाता ७६,१५० उरतात. आता १० टक्क्यांची रेषा १२,४०० वर आणि १२ टक्क्यांची ५०,४०० वर गेली आहे. कर होतो ११,४६५. म्हणजे २,२५० च्या वाढीतले २१६ डॉलर करात गेले. रेषा आणि डिडक्शन जागच्या जागी राहिले असते तर पूर्ण वाढीवर २२ टक्के, म्हणजे ४९५ गेले असते.

बारकाईने पाहिलेत तर खालच्या दोन रेषा सुमारे ४ टक्क्यांनी सरकल्या आहेत, तर २२ टक्क्यांची रेषा १,०३,३५० वरून १,०५,७०० वर, म्हणजे जेमतेम २.३ टक्क्यांनी. खालच्या दोन ब्रॅकेटना नव्या कायद्याने एका वर्षाची जादा वाढ दिली, म्हणून हा फरक. एरवी सप्टेंबर ते ऑगस्ट अशा बारा महिन्यांच्या सरासरी महागाईवरून वाढ ठरते. २०१८ पासून त्यासाठी ‘चेन्ड’ निर्देशांक वापरतात. एक वस्तू महागली की लोक दुसरीकडे वळतात हे तो धरतो, त्यामुळे तो जुन्या निर्देशांकापेक्षा सहसा हळू चढतो. पगारवाढ याहून मोठी मिळाली, तर जादाच्या भागावर पूर्ण दर बसणारच.

प्रश्न : आकडे बदलले, मग कंपनीत नवा डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा फॉर्म) द्यायचा का? आम्ही दोघे नोकरी करतो.

आकडे बदलले एवढ्यासाठी नाही. नवे तक्ते पेरोलवाले जानेवारीपासून आपणहून लावतात. पण दोघेही कमावत असाल तर डब्ल्यू-४ ची दुसरी पायरी आजच काढून बघा. दोघांनीही ‘मॅरिड फाइलिंग जॉइंटली’वर खूण केली आणि दुसऱ्या पायरीतला चौकोन कोरा सोडला, तर दोन्ही कंपन्या ३२,२०० चे पूर्ण डिडक्शन आणि जोडप्याचे पूर्ण ब्रॅकेट आपापल्या पगाराला लावतात. दोघांना ९०,००० पगार असेल तर २०२६ मध्ये प्रत्येकाचे सुमारे ६,४४० कापले जातील, मिळून १२,८८०. खरा कर आहे २१,९४०. एप्रिलमध्ये ९,०६० डॉलर एकदम भरावे लागतील, वर दंडही लागू शकतो.

पगार साधारण सारखे असतील तर दोघांनीही तो चौकोन टिक करावा. पगारांत बरीच तफावत असेल तर टिक केल्याने गरजेपेक्षा जास्त कापले जाते. अशा वेळी डब्ल्यू-४ सोबतची वर्कशीट भरून जादा कपातीची रक्कम ४(सी) मध्ये लिहावी. दंड टाळायचा तर यंदाच्या कराच्या ९० टक्के किंवा गेल्या वर्षीच्या कराइतकी रक्कम वर्षभरात कापली गेलेली असावी. गेल्या वर्षीचे एजीआय (स्टँडर्ड डिडक्शनच्या आधीचे समायोजित एकूण उत्पन्न) दीड लाखाच्या वर असेल तर गेल्या वर्षीच्या कराच्या ११० टक्के धरा. ही दीड लाखाची रेषा महागाईबरोबर हलत नाही.

न हलणाऱ्या रेषा आणखी आहेत, आणि आमच्या मते खरी नजर त्यांच्यावरच हवी. लाभांश, व्याज, भाडे यांवरचा ३.८ टक्क्यांचा जादा कर २०१३ पासून त्याच रेषेवर अडकला आहे : सिंगलला दोन लाख, जोडप्याला अडीच लाख. शेअरमधला तोटा पगारातून वजा करण्याची ३,००० ची मर्यादा तर १९७८ ची आहे.

प्रश्न : आम्ही दोघेही पासष्टीच्या पुढचे. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) २०२६ मध्ये २.८ टक्क्यांनी वाढली. कर वाढेल का?

सोशल सिक्युरिटीचा किती भाग करपात्र ठरतो हे पाहताना इतर उत्पन्नात तिची निम्मी रक्कम मिळवतात. जोडप्यासाठी ही बेरीज ३२,००० च्या पुढे गेली की कर सुरू होतो आणि ४४,००० च्या पुढे ८५ टक्क्यांपर्यंतचा भाग करपात्र होतो. पहिली रेषा १९८४ पासून तीच आहे, दुसरी १९९४ पासून.

समजा सोशल सिक्युरिटी ४०,००० आणि इतर उत्पन्न ४५,००० आहे. वाढ १,१२० ची. त्यातले ४७६ करपात्र उत्पन्नात पडतील. पण पासष्टीचा जादा भाग धरून तुमचे स्टँडर्ड डिडक्शन ३४,७०० वरून ३५,५०० झाले आहे, म्हणजे ८०० ने वाढले. इतर उत्पन्न तेवढेच राहिले तर यंदा कर किंचित कमीच होईल. शिवाय २०२५ ते २०२८ या वर्षांत पासष्टीपुढच्या प्रत्येकाला ६,००० ची वेगळी वजावट आहे. जोडप्याचे उत्पन्न दीड लाखाच्या पुढे गेले की ती कमी होत जाते. या वजावटीने ३२,००० च्या रेषेशी ताडायची बेरीज मात्र कमी होत नाही. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवीचे व्याजही त्या बेरजेत धरायचे. भारतात ते करमुक्त असले तरी इथे नाही.

प्रश्न : मुलगी एफ-१ व्हिसावर शिकते, दुसरे वर्ष आहे. विद्यापीठातल्या कामाचे २०२५ मध्ये २४,००० मिळाले. नॉन-रेसिडेंटला (करापुरत्या अनिवासीला) स्टँडर्ड डिडक्शन नसते असे मैत्रिणी सांगतात.

मैत्रिणी इतर देशांतल्या असतील तर त्यांचे त्यांच्यापुरते बरोबर आहे. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका करारातल्या कलम २१(२) नुसार ते मिळते. तिने १०४०-एनआर (अनिवासींचा रिटर्न फॉर्म) भरावा, डिडक्शनच्या ओळीत १५,७५० लिहावे आणि ते करारानुसार घेतल्याचा उल्लेख तिथेच करावा. कर ८२५ येईल. हे डिडक्शन घेतलेच नाही आणि दुसरीही वजावट नसेल, तर तोच २,६४१ च्या वर जातो. नेहमीची चूक अशी, की साध्या सॉफ्टवेअरमध्ये १०४० (रहिवाशांचा फॉर्म) भरला जातो. डिडक्शन तेवढेच दिसते म्हणून शंका येत नाही, पण फॉर्म चुकीचा असतो आणि शिक्षणाचे क्रेडिट (करातून थेट वजा होणारी सूट) भलतेच पदरात पडते. तसे झाले असेल तर १०४०-एक्स भरून दुरुस्त करा. राज्याच्या रिटर्नवर हा करार चालेलच असे नाही.

प्रश्न : भेटीची (एका व्यक्तीला गिफ्ट टॅक्सचा रिटर्न न भरता देता येणाऱ्या रकमेची) वार्षिक मर्यादा १९,०००, चाइल्ड टॅक्स क्रेडिट २,२००. दोन्ही २०२६ मध्ये वाढले नाहीत. असे का?

दोन्ही महागाईशी जोडलेले आहेत, पण भेटीची मर्यादा हजाराच्या पटीत आणि क्रेडिट शंभराच्या पटीत खाली आणून धरतात. पुढची पट पूर्ण होईपर्यंत आकडा तिथेच राहतो. क्रेडिट कमी होऊ लागण्याची रेषा (जोडप्याला चार लाख) मात्र कुठेच जोडलेली नाही. मुलाकडे नोकरीसाठी वैध असलेला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नसेल, फक्त आयटीआयएन (करापुरता दिलेला नंबर) असेल, तर २,२०० च्या जागी ५०० चे क्रेडिट मिळते.

प्रश्न : भारतातल्या खात्यांची एफबार (परदेशी खाती अमेरिकी सरकारला कळवण्याचा अहवाल) मर्यादा तरी वाढली का?

नाही, १०,००० डॉलरच. प्रत्येक खात्यातली वर्षभरातली सर्वांत मोठी शिल्लक घ्यायची, तिला ट्रेझरीच्या वर्षअखेरच्या दराने डॉलरमध्ये बदलायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. दोन बँकांत सहा-सहा हजार असले तरी कळवावे लागते. आईवडिलांच्या खात्यावर तुमची सही चालत असेल तर तेही मोजायचे. मुदत १५ एप्रिल, न जमल्यास अर्ज न करता १५ ऑक्टोबर. दंडाचा आकडा मात्र महागाईबरोबर वाढत आला आहे : जाणूनबुजून न केलेल्या चुकीसाठी कायद्यात कमाल १०,००० लिहिला होता, आज तो १६,००० च्या वर गेला आहे.